दोन फ्रीझर, एक डबा

त्या प्रयोगशाळेत माणसांना नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. जो ज्याच्या मागे लागलेला, तेच त्याचं नाव. डास पाळणारी ती डासवाली. रानात गवतावरून पांढरं फडकं ओढत त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्यानं वेचणारा तो गोचीडवाला. आणि उंदरांचं पिंजरेघर सांभाळणारे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ चक्क उंदीरमामा, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. पेशी वाढवून त्यांवर विषाणू जोपासणाऱ्या ताईला मात्र सगळे ताईच म्हणत. कारण तिचा धाकटा भाऊ तिथंच जनावरांचा डॉक्टर होता आणि तो दिवसभर बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘ताई, ए ताई’ करून बोंबलत असायचा. तो जाऊन आता दोन वर्षं होत आली होती, तरी ताईला सगळे ताईच म्हणत होते.

विषाणूंचंही तसंच. कागदोपत्री प्रत्येक विषाणूला आकडे, अक्षरं आणि तिरक्या रेघा असलेलं लांबलचक नाव असतं. ते उच्चारता उच्चारता चहा निवतो. म्हणून ज्याच्या रक्तातून तो वाढवला त्याच्यावरून एक घरगुती नाव पडतं. एक होती ‘लंगडी शेळी’, एक ‘म्हातारा’, एक ‘चौकीदाराची बायको’. आणि गोचिडीच्या तापाचा, सगळ्यांत कामाचा आणि सगळ्यांत खमका, तो ‘भोपळ्या’.

भोपळ्या म्हणजे ताईचा भाऊ. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून घरात पडलेलं नाव. ते ताईच्या तोंडून एकदा जेवणाच्या सुट्टीत निसटलं आणि प्रयोगशाळेनं झेललं. त्यानं चार दिवस तोंड फुगवलं, मग स्वतःच दारात उभा राहून ‘भोपळ्या आलाय, शेळ्यांचं रक्त घेऊन’ असं जाहीर करायला लागला.

रानालगतच्या वस्तीत शेळ्या पटापट माना टाकत होत्या, तेव्हा तो आणि गोचीडवाला तिकडे जाऊन आले. परतताना गाडीत त्यानं स्वतःच्या गुडघ्यामागून एक टम्म फुगलेली गोचीड उपटली, ‘ही घे, वर्गणी समज’ म्हणत मित्राच्या नळीत टाकली आणि त्याला झाकणावर तारीख घालायला लावली. पुढच्या आठवड्यात ताप चढला, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग तो माणसं ओळखेना. शेवटच्या दिवशी ताईनं त्याचं रक्त घेतलं. त्या रक्तातला विषाणू तिनंच वाढवला. पेशींचा थर त्यानं बघता बघता फस्त केला, इतका तो जोरकस होता.

सुरुवातीला लोक जपून बोलत. ताई खोलीत आली की आवाज खाली जात. पण रोजच्या कामात माणूस किती दिवस आवाज खाली ठेवणार? हळूहळू सगळं रुळलं. ‘भोपळ्याला बाहेर काढ गं.’ ‘भोपळ्या आज रुसलाय, वाढतच नाही.’ ‘भोपळ्या मेला वाटतं बाटलीत, पुन्हा लाव.’ बाहेरच्या माणसानं ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवले असते. इथे कुणाला त्यात वाईट दिसत नव्हतं. उलट, त्यांच्या परीनं ते त्याला घोळक्यात ठेवून घेत होते.

ताईला काहीच वाटत नव्हतं. हे तिनं स्वतःला तपासूनच पाहिलं होतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात, तेव्हा गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. ती जेवायची, बस पकडायची, कुणी विनोद केला तर योग्य जागी हसायची. स्मशानातून आल्यावर ती दुसऱ्या दिवशी कामावर हजर होती, आणि लोकांनी तिच्या धीराचं कौतुक केलं. धीरबिर काही नव्हता. पेशींना खाणं घालायचा दिवस होता, म्हणून ती गेली होती.

घरी ती आणि आई, दोघीच. आई फारशी बोलत नसे. पण रोज संध्याकाळी ताई चप्पल काढत असतानाच ती एक प्रश्न विचारायची.

‘‘कसं आहे तिकडचं?’’

‘‘छान आहे,’’ ताई म्हणायची. ‘‘आहे अजून. चांगला वाढतोय.’’

‘‘बरं,’’ म्हणून आई आत निघून जायची.

ताईला वाटे, आईला द्यायला आपल्याकडे एवढी एकच गोष्ट आहे. मुलगा गेला, पण त्याचं रक्त वाया गेलं नाही. त्यावरून लस तपासतील, माणसं वाचतील, शेळ्या वाचतील. आईला हे रोज थोडंथोडं सांगत राहायचं. म्हणून कितीही दमली असली तरी हे उत्तर ती हसऱ्या तोंडानं द्यायची.

मग ती लांबलचक सुट्टी आली आणि वरच्या मजल्यावरचा फ्रीझर बंद पडला.

सुट्टीनंतर सकाळी ताई बोळात शिरली तेव्हा फरशीवर पाणी होतं. ज्या फ्रीझरच्या आतल्या कप्प्याला हात लावला तर कातडी चिकटावी, तो कोमट झाला होता. वरचा धोक्याचा दिवा लाल होता आणि भोंगा पिवपिव करून दमला होता.

‘‘कालपासून वाजतंय हे,’’ पहारेकरी म्हणाला. ‘‘मला वाटलं, लिफ्ट अडकली. मी लिफ्टवाल्याला फोनपण केला.’’

लिफ्टवाला येऊन लिफ्ट उत्तम असल्याचं सांगून गेला होता.

मॅडम आल्या. प्रयोगशाळा त्यांचीच. बाई कडक, पण कामाला सगळ्यांच्या आधी बाह्या सरसावणाऱ्या. डबे धडाधड बाहेर निघाले. आतल्या नळ्यांमधला बर्फ केव्हाच पाणी झाला होता. तरी कुणी फार घाबरलं नव्हतं, कारण नियम पक्का होता. प्रत्येक विषाणूचे दोन भाग करायचे, अर्धा वरच्या फ्रीझरमध्ये, अर्धा तळमजल्यावरच्या. दोन वेगळे मजले, दोन वेगळ्या वायरी. एक बुडाला तरी दुसरा तरतो.

‘‘खाली आहे ना सगळं? मग रडायचं काय त्यात?’’ उंदीरमामा म्हणाले. ‘‘लंगडी शेळी खाली आहे. म्हातारा आहे. चौकीदाराची बायको आहे.’’

‘‘भोपळ्याचं मूळ?’’ मॅडमनी विचारलं.

मूळ म्हणजे ते रक्त, आणि त्यातून पहिल्यांदा वाढवलेला विषाणू. खाली जो भोपळ्या होता तो रोजच्या वापरातला, पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून माणसाळलेला. तो आता इतका गरीब झाला होता की शेळीच्या करडाला त्यानं साधी शिंकही येत नव्हती. लस खरंच वाचवते का हे पाहायचं तर मूळचा खमका विषाणूच हवा. शेळ्यांवरची ती तपासणी याच मोसमात सुरू व्हायची होती आणि त्यासाठी मॅडमनी दीड वर्ष उंबरे झिजवले होते.

‘‘मूळ वरच होतं,’’ ताई म्हणाली.

‘‘आणि खाली ठेवायचं अर्धं?’’

‘‘तेही वरच होतं.’’

दोन भाग करायचा तो नियम फ्रीझरच्या दारावर चिकटवलेला होता आणि तो ताईच्याच अक्षरात होता.

‘‘का?’’ मॅडमनी एवढंच विचारलं.

‘‘विसरले,’’ ताई म्हणाली.

ती विसरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी नळ्या भरून झाल्यावर ती अर्धा डबा घेऊन निघालीही होती. जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबली. याला अर्धा वर ठेवायचा आणि अर्धा खाली, हे तिच्या हातून होईना. काही वाईट वाटत होतं असंही नाही. पाय फक्त पुढे पडेनात. ती परत वर गेली आणि सगळ्या नळ्या एकाच डब्यात, शेजारी शेजारी लावून टाकल्या. उद्या नेऊ खाली, असं मनाशी म्हणाली, आणि तो उद्या काही उगवला नाही.

वितळलेल्यात अजून काही धुगधुगी आहे का, हे पाहायला एकच मार्ग होता. ताज्या पेशींवर ते घालायचं आणि वाट बघायची. पेशी मेल्या तर विषाणू जिवंत. हे काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. दोन दोन हातमोजे, तोंडावर मास्क, काचेच्या पेटीत हात घालून तिनं एकेक नळी उघडली. मॅडम बाहेरून काचेतून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशी ठणठणीत. त्याच्या पुढच्या दिवशीही ठणठणीत. एकीला एक खेटून बसलेल्या, टवटवीत, कुठे भोक नाही की सुरकुती नाही. एरवी इतका देखणा थर जमला की ती सगळ्यांना बोलावून दाखवायची.

लोक न बोलावताच येत होते. अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक घुटमळतात तसे दारात घुटमळत होते. डासवाली चहा ठेवून जायची. उंदीरमामा रोज विचारत, ‘‘आज तरी?’’ आणि ताई मान हलवायची.

घरी आईचा प्रश्न चुकत नव्हता.

‘‘कसं आहे तिकडचं?’’

‘‘आहे,’’ ताई म्हणायची. पुढचं ‘चांगला वाढतोय’ तिला म्हणवत नव्हतं. आई तेवढ्यावरच ‘बरं’ म्हणून आत जायची. ताईला अंथरुणावर पडल्यावर एकच चिंता असायची. नोकरीची नाही, मॅडमची नाही. आईला काय सांगायचं, ही. तिचा मुलगा ज्या कारणानं कामी आला असं आपण रोज सांगत आलो, ते कारणच आपण उन्हात ठेवल्यासारखं घालवलं. हे तिला सांगितलं तर तिच्याकडे काय उरेल?

आठवडा उलटल्यावर मॅडमनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि उठल्या.

‘‘बास आता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सोडून दे.’’

गोचीडवाला बोळात भिंतीला टेकून रडायला लागला. धिप्पाड माणूस, वाघाच्या रानात एकटा फिरणारा, हुंदके देत होता. ताईनं कपाटातून कागदी रुमाल काढून त्याला दिले. ते त्यानं घेतले आणि तिच्याकडे बघत राहिला.

‘‘ताई, तुला काहीच कसं वाटत नाही गं?’’

‘‘काय माहीत,’’ ती म्हणाली. तो रागावून बोलला नव्हता आणि तीही खरंच सांगत होती.

बाटल्या वाफेच्या भट्टीत निर्जंतुक करायला टाकून ती परत आली, तर मॅडमनी तिला खोलीत बोलावून घेतलं. त्यांनी बसायला सांगितलं, पण स्वतः उभ्याच राहिल्या.

‘‘जे झालं त्याच्यावर मी आता बोलणार नाही. तूही उगाळत बसू नकोस. दवाखान्यातून फोन होता. एक रोगी आलाय. तरुण आहे, रानात लाकडं तोडायच्या कामाला होता. तोच ताप, तीच लक्षणं. ताप चढता आहे तोवर रक्त मिळालं तरच त्यातून विषाणू हाती लागेल. उद्या सकाळी जा.’’

‘‘मी?’’

‘‘अशा रोग्याची शीर तुझ्याइतकी पटकन कुणाला सापडते, सांग. आणि उगाच टोचाटोची नको. तो शुद्धीवर नाही. भावानं सही दिलीय.’’

‘‘वाचेल?’’

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. ‘‘त्याच्यासाठी काही करता येईल असं अजून आपल्याकडे काही नाही. म्हणून तर.’’

संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. शेंगा एकीकडे, दाणे भांड्यात, सालं वर्तमानपत्रावर. ताई चप्पल काढत होती.

‘‘कसं आहे तिकडचं?’’

बसमध्ये ताईनं सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. आधी फ्रीझरचं सांगायचं, मग यंत्रं कशी दगा देतात ते, मग हळूच. पण तोंड उघडलं आणि नेमकं शेवटचंच आधी बाहेर पडलं.

‘‘संपलं, आई.’’

आईचा हात शेंगेवर थांबला. ‘‘म्हणजे?’’

‘‘सुट्टीत फ्रीझर बंद पडला. त्याचं जे होतं ते सगळं वितळलं. आठवडाभर बघितलं, पण मेलंय ते.’’

‘‘सगळं?’’

ताईला तळमजल्यावरचा माणसाळलेला भोपळ्या आठवला. तो पुष्कळ होता, डबेच्या डबे. पण तो इतका बदलला होता की त्याला भावाच्या रक्तातला म्हणणं म्हणजे नुसता मान देणं झालं असतं.

‘‘त्याचं म्हणावं असं काही राहिलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘माझी चूक आहे. दोन ठिकाणी ठेवायचं असतं. मी एकाच ठिकाणी ठेवलं.’’

‘‘का?’’

आईला ‘विसरले’ असं सांगता येईना. ‘‘अर्धा वर, अर्धा खाली... मला नाही जमलं ते.’’

ताई उभी राहून वाट बघत होती. आता आई म्हणेल, एवढं घेतलंस आणि सांभाळता आलं नाही तुला. म्हणू दे, ओरडू दे, भांडं आपटू दे, असंच तिला वाटत होतं. आईनं हातातली शेंग तशीच खाली ठेवली आणि खुर्चीला पाठ टेकली.

‘‘सुटला,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘सुटला म्हटलं. एकदाचा.’’

ताईला समजेना. ‘‘आई, तू तर रोज विचारायचीस. कसं आहे तिकडचं म्हणून.’’

‘‘विचारायचे ना. संपलं का ते विचारायचे.’’ आईचा आवाज चढला नव्हता. ‘‘तू रोज म्हणायचीस, आहे अजून, वाढतोय. मग मी आत जायचे. मला तुमच्यातलं काय कळतंय? पण वाटायचं, तिथे याला अजून ताप चढवतायत. अजून टोचतायत. माती होऊन दोन वर्षं झाली, तरी पोराचा पिच्छा सोडत नाहीत.’’

‘‘मग बोलायचंस ना मला! एकदा तरी बोलायचंस!’’

‘‘कशी बोलू? तेवढीच एक गोष्ट तू तोंड उघडून सांगायचीस. हसून सांगायचीस. बाकी घरात तू असलीस काय नि नसलीस काय. म्हटलं, हेही तोडलं तर पोरगी कायमची मुकी होऊन बसेल.’’

ताई समोरच्या खुर्चीवर बसली. दोन वर्षं ती आईसाठी म्हणून जे रोज घरी आणत होती, ते आई तिच्यासाठी म्हणून रोज गिळत होती. ते तिला कळलं, अगदी नीट कळलं, तरी आत काही हललं नाही. तिनं सवयीनं एक शेंग उचलली आणि सोलायला लागली. थोडा वेळ दोघी मटार सोलत राहिल्या.

‘‘पण काम थांबणार नाही, आई,’’ ताई म्हणाली. हेही आजच सांगून टाकलेलं बरं. ‘‘उद्या दवाखान्यात जायचंय. एक रोगी आलाय तसलाच. त्याचं रक्त आणायचंय.’’

‘‘केवढा आहे?’’

‘‘तरुण आहे. आपल्या... तेवढाच असेल.’’

‘‘आई आहे त्याला?’’

‘‘माहीत नाही. भावानं सही दिलीय.’’

‘‘सहीचं राहू दे. आई असेल तर आधी तिला सांग. समोर बसवून नीट सांग, काय घेताय, कशाला घेताय. नाही म्हणणार नाही ती. पण सांग.’’ आई भांड्यातल्या दाण्यांकडे बघत बोलत होती. ‘‘मला कुणी सांगितलं नाही. चहा आणायला म्हणून मी खाली गेले, तेवढ्यात उरकलंत तुम्ही. वर आले तर त्याच्या हाताला कापूस लावलेला. मी असते तर काही अडवलं नसतं गं तुला. नुसता त्याचा हात धरून बसले असते.’’

ताई ‘सांगेन’ म्हणायला गेली. घशातून भलताच काहीतरी आवाज आला आणि मग तिला रडू कोसळलं. नाकातोंडातून पाणी येत होतं, श्वास पुरत नव्हता, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरूनही ती गदगदत होती. आई उठून तिच्यामागे येऊन उभी राहिली. त्या दिवशी पलंगाशी आपण भावाचा हात धरलेला ताईला स्पष्ट दिसत होता, मनगटाच्या वर, घट्ट. तो तिनं फक्त शीर वर यावी म्हणून धरला होता.